अप्पांची चार थरांची ब्राउनी

ईश्वरप्पांना आपण किती कमी ओळखत होतो, हे व्यंकटराव गुरुजींच्या लक्षात आलं ते अप्पा नांदेडला वारल्यावर. तिथून अप्पांच्या जावयाचा, बसवराजचा फोन आला. "गुरुजी, शोकसभेत चार शब्द तुम्हीच बोला. तुमच्याइतकं अप्पांना कोण वळखत होतं?" गुरुजी "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. अहमदपुरात, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लावून दोघं अकरा वर्षं राहिले. तरी अप्पांच्या बायकोचं नाव काय होतं, ते गुरुजींना ठाऊक नव्हतं. अप्पांचं मूळ गाव जळकोटकडे कुठंतरी होतं, पण नेमकं कुठलं हेही माहीत नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना विचारावं असं ते कधी वाटलंच नाही. माहीत होतं ते एवढंच, की अप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, कुणाचं ऐकून घेत नव्हते आणि शिळं खात नव्हते. आणि ती ब्राउनी. ते सगळं सभेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. गुरुजी गेले, मागच्या रांगेत बसले आणि तसेच परत आले.

ब्राउनीचं प्रकरण सुरू झालं एप्रिलच्या एका दुपारी. गुरुजी नुकतेच आडवे झाले होते. दारात अप्पा उभे, हातात मोबाइल.

"गुरुजी, हे वाचा. बारीक हाय अक्षर."

नांदेडच्या नातीने, साक्षीने, मेसेज पाठवला होता. गुरुजींनी चष्मा लावून वाचायला घेतलं. बिस्किटांचा चुरा लोण्यात मळून ट्रेमध्ये दाबून बसवायचा. त्यावर ब्राउनीचं पीठ ओतून भाजायचं. अंडी नकोत, दही चालेल. गार झाल्यावर कॅरेमलचा थर. तो घट्ट झाला की वर वितळवलेलं चॉकलेट.

"आणि शेवटी लिहिलंय," गुरुजी म्हणाले, "रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. आजोबा, गरम कापायचं नाही म्हणजे नाही."

"ते सोडून द्या," अप्पा म्हणाले.

"सोडून कसं द्या? ठळक अक्षरात लिहिलंय."

"आपल्या घरी आदल्या दिवशीचं ताटात वाढत न्हाईत. बाकी सांगा. मैदा किती?"

हे खरंच होतं. अप्पांच्या घरी फ्रिज नव्हता. जावयाने एकदा देऊ केला होता, तो त्यांनी टेम्पोतून उतरूसुद्धा दिला नाही. शिळं खायला लावायचं यंत्र हाय ते, असं म्हणाले. एकटा माणूस, पण दोन वेळा स्वयंपाक करायचा आणि उरलेली अर्धी भाकरी गायीला घालून यायचा.

दोन दिवसांनी अप्पांनी लातूरहून छोटा ओव्हन आणला. आणल्या आणल्या तो उघडला, म्हणजे स्क्रू काढून उघडला. "आतलं वायरिंग बघितल्याशिवाय मी मशीन चालवत न्हाई." परत जोडायला एक दिवस गेला. मग गुरुजींना बोलावणं आलं, मेसेज मोठ्याने वाचायला. गुरुजी स्टुलावर बसून वाचायचे आणि अप्पा त्यांना वाटेल ते करायचे. बिस्किटांचा चुरा त्यांनी वाटीच्या बुडाने इतका ठोकून बसवला की ट्रेला पोचा आला.

"हळू करा की जरा."

"हे म्हंजे गॅस्केट हाय, गुरुजी. खालून गळलं न्हाई पायजे."

ब्राउनी भाजली की नाही ते पाहायला सुरी खुपसा, असं लिहिलं होतं. अप्पांनी सायकलच्या चाकाचा आरा घासूनपुसून ठेवला होता, तो खुपसला. दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून खुपसला. गुरुजींनी तीन वेळा सांगितलं की दार उघडू नका, फुगलेलं बसतं. चौथ्यांदा त्यांनी सांगायचं सोडलं. साखर करपवताना अप्पांना फोन आला, तेव्हा कॅरेमल काळंठिक्कर झालं. ते फेकून परत केलं. शेवटी चारही थर एकावर एक चढले, आणि वरचं चॉकलेट अजून हलतंय तोवर अप्पांनी सुरी चालवली.

संध्याकाळी गुरुजींच्या दारात स्टीलचा डबा आला. आत जे होतं ते चमच्यानेसुद्धा धड उचलत नव्हतं. खालचं वर आलं होतं, वरचं खाली गेलं होतं.

"कसं हाय?"

"चवीला बरं आहे. पण हा शिरा आहे, अप्पा."

"हाव," अप्पांनी कडू तोंडाने मान डोलावली. "उद्या परत करून बगतो."

परत केलं आणि परत शिरा झाला. मे महिना सगळा तसाच गेला. कधी लाईट गेली आणि ट्रे अर्धा कच्चा राहिला, कधी दह्याला पाणी सुटलं. पण हे दोष पुढच्या खेपेला दुरुस्त व्हायचे. अप्पा हात चालवणारे होते. एकच दोष दर वेळेला तसाच राहायचा. कापायची घाई. गुरुजींनी समजावलं, लिहून दिलं, साक्षीचा आवाज फोनवर ऐकवला. अप्पा "हाव, हाव" म्हणायचे आणि गरम ट्रेला सुरी लावायचे. दर खेपेचा डबा गुरुजींकडे यायचा. गुरुजींना साखर वर्ज्य होती. ते सांगायचं धाडस त्यांना अकरा वर्षांत झालं नव्हतं, आताही झालं नाही. दोन चमचे खायचे आणि उरलेलं समोरच्या घरातल्या पोरांना द्यायचे. पोरं शिरा कधी येणार म्हणून विचारू लागली होती.

एका खेपेला गुरुजींनी डाव टाकला. म्हणाले, "माझ्या फ्रिजमध्ये ठेवा. तुमच्या घरात ठेवू नका, म्हणजे तुमचा नेम मोडणार नाही." अप्पांना ते पटल्यासारखं दिसलं. दुपारी बाराला ट्रे ठेवला. पाच वाजता दारात हजर.

"द्या."

"अजून नीट बसलं नसेल."

"दुपारचं संध्याकाळी चालतंय. संध्याकाळचं सकाळी चालत न्हाई. द्या."

त्या वेळेला अर्धा शिरा झाला. कडेचे चार तुकडे उभे राहिले, मधले लोळले. आणि मग गुरुजी, ज्यांचा वर्गातही आवाज चढला नव्हता, ते चिडले.

"अहो, कुणासाठी चाललंय हे? दोन महिने झाले. मला साखर आहे, अप्पा! डॉक्टरांनी गूळसुद्धा बंद केलाय माझा. आणि मी तुमचा शिरा चाखून राहिलोय!"

अप्पांनी डबा खाली ठेवला. "मग आधी सांगायचं ना. म्हंजे मी खुशाल आपला वाढत बसलोय."

"ते राहू द्या. कुणासाठी?"

अप्पा उंबऱ्यावर बसले. बराच वेळ टाचेला लागलेलं चॉकलेट नखाने खरवडत राहिले. मग सांगितलं. दोन वर्षांमागे दिवाळीच्या पाडव्याला महादेवी आली होती, त्यांची एकुलती एक लेक. जावई होते, नात होती. ओवाळून झालं आणि लेकीने डबा उघडला. नांदेडला क्लास लावून शिकली होती म्हणे. असलीच चार थरांची ब्राउनी, एकेक तुकडा फरशीसारखा सारखा कापलेला.

"मी इचारलं, कधी केलंस? म्हणली, काल. दिवसभर लागला अप्पा, लई काम असतं. मी ताट सारलं. म्हणलं, शिळं हाय, गायीला घाल."

"जावयासमोर?"

"जावयासमोर." अप्पांनी मान खाली घातली. "तिनं झाकण लावलं. पुढच्या गाडीनं गेली. तवापासून फोन केला की साक्षीच उचलती. आई कामात हाय म्हणती. दोन वर्ष कामात हाय."

अप्पा पुढे म्हणाले, साक्षीची दहावी झाली, तिला लातूरला अकरावीला टाकायचंय. जूनच्या दुसऱ्या रविवारी मायलेकी नांदेडहून लातूरला निघणार. गाडी अहमदपूरवरूनच जाते. साक्षीने आजोबांना कबूल केलंय की ती आईला तासभर इथं उतरवणार. "एक तास हाय माझ्याकडं. तिच्यासमोर तिचीच वस्तू ठेवायची हाय मला. उभी. शिरा न्हाई."

"मग ती आदल्या दिवशीच करावी लागेल."

"तेच तर होईना," अप्पा म्हणाले आणि उठून गेले.

शनिवार उजाडला. अप्पांनी पहाटेपासून मांडामांड केली. लाईट दोनदा गेली, पण भाजायच्या वेळेला होती. दार एकदाच उघडलं. कॅरेमल सोनेरी झालं. गुरुजींनी मोबाइल बाजूला ठेवला होता, दोघांनाही मेसेज पाठ होता. दुपारी एकला ट्रे गुरुजींच्या फ्रिजमध्ये गेला. अप्पांनी स्टीलची पट्टी लावून चारही थर मोजले होते.

पाच वाजता अप्पा आले. गुरुजी फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"सरका," अप्पा म्हणाले.

"नाही."

"गुरुजी, मजाक करू नका. मी कापून डब्यात भरून ठेवतो. कापलेलं असलं म्हंजे..."

"म्हणजे काय? कापलं तर ताजं होतं का? शिरा होईल परत. उद्या लेक येणारेय ना तुमची?"

"तिला शिळं वाढू? बापाच्या घरी?"

"लोणचं त्याच दिवशी खाता का तुम्ही?"

"लोणचं येगळं."

"काय येगळं?"

"येगळं म्हंजे येगळं!" अप्पांचा आवाज चढला. "तुमाला न्हाई कळायचं शिळं म्हंजे काय असतंय."

हे मात्र गुरुजींना झोंबलं. जे त्यांनी या गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "मला नाही कळायचं? माझी आजी गावात दारोदार जाऊन कालचे तुकडे आणायची, अप्पा. परवाचे पण असायचे. भिजवून, मीठ घालून खाल्लेत मी. शिळं काय असतं ते तुम्ही मला शिकवू नका." त्यांना धाप लागली. "ते लोकांनी नको झालं म्हणून दिलेलं होतं. हे तुम्ही लेकीसाठी राखून ठेवलंय. एवढा फरक कळत नसेल तर घेऊन जा ट्रे. हा घ्या, सरकलो मी."

आणि ते खरंच खुर्चीसकट सरकले.

आता अप्पांना वाट मोकळी होती. गुरुजींना वाटलं, आता हा माणूस काहीतरी सांगेल, शिळ्याचा एवढा राग कशापायी ते. अप्पांचे ओठ हललेही. पण ते एवढंच म्हणाले, "अकरा वर्षांत मी तुमाला कधी शिळं दिलं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "कधीच नाही. ते माझ्या लक्षात आहे."

अप्पांनी फ्रिजचं दार उघडलं. ट्रेवर बोट टेकवून पाहिलं. मग दार लावलं, दोनदा ओढून लागल्याची खात्री केली आणि गेले. पुढे तासाभरात भिंतीपलीकडून तीनदा हाक आली, "गुरुजी, लाईट हाय न्हवं तुमच्याकडं?" तिन्ही वेळेला भिंतीच्या दोन्ही बाजूंना लाईट होतीच. गुरुजी कपाळाला हात लावून "हाय, हाय" म्हणत राहिले.

रविवारी साडेदहाला मायलेकी आल्या. महादेवी उंबऱ्याच्या आत आली, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. "लातूरची पावणेबाराची गाडी आहे," म्हणाली, भिंतीला सांगितल्यासारखं. साक्षीने गुरुजींना खूण केली. गुरुजी ट्रे घेऊन आले आणि परत जायला वळले, तर अप्पांनी त्यांचा सदरा धरला.

अप्पांनी सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली आणि पट्टी लावून कापली. पहिला तुकडा ताटलीत ठेवला. तो उभा राहिला. खाली बिस्किट, वर काळी ब्राउनी, मग सोनेरी रेघ, वर चकचकीत चॉकलेट. एकही थर हलला नाही. अप्पांनी ताटली लेकीपुढे केली.

महादेवीने पाहिलं. मग हळू विचारलं, "कधी केलं?"

गुरुजी जमिनीकडे बघू लागले.

"काल," अप्पा म्हणाले. आणि तिने हात पुढे करायच्या आत ताटलीतला तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात घातला. मोठा घास होता. चावायला वेळ लागला. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. गिळून झाल्यावर त्यांनी दुसरा तुकडा कापला आणि तिच्यापुढे धरला.

महादेवीने खाल्लं. डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता. "बिस्किट किती ठोकलंय, अप्पा. दात पडतील माणसाचे."

"गॅस्केट हाय ते," अप्पा म्हणाले.

तिने पिशवी खाली ठेवली. पावणेबाराची गाडी गेली, दीडचीही गेली.

ऑगस्टमध्ये अप्पा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला लेकीकडे नांदेडला निघाले. पंधरा दिवसांत येतो म्हणाले. गुरुजी स्टँडवर पोचवायला गेले. गाडीखाली वाकून अप्पांनी कसला तरी आवाज ऐकला, कंडक्टरला दोन शब्द सुनावले, मग वर चढून खिडकीशी बसले. बसल्यावर त्यांना आठवलं.

"गुरुजी, तुमच्या फ्रिजमधी मागच्या बाजूला डबा ठिवलाय. बिनसाखरेचं केलंय तुमच्यासाठी, खजूर घालून."

"अहो, कशाला ती तकलीफ?"

"आज खाऊ नका," अप्पा खिडकीतून ओरडले. गाडी सुरू झाली होती. "उद्या खा."

"हाव," गुरुजी म्हणाले. "उद्या खातो."