एकाच सूर्याचं ऊन

नात मोबाइलवर बोट फिरवते आणि ओट्यापाशी काढलेल्या माझ्या फोटोमागं सूर्य मावळायला लागतो. मी आधी माझा कान बघते. सूर्य पाठीमागं असला तर कानाची पाळी लालसर दिसायला हवी.

"आजी, फोटोत कान कोण बघतं गं?"

मी बघते. इंदापुरात एसटी स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता आणि निम्म्या तालुक्याच्या मागं मी सूर्य मावळवलाय.

बारामतीला माहेरी राहून कॉम्प्युटरचा क्लास केला आणि परत आले ती जणू विमान चालवायला शिकूनच. तेव्हा ज्याला त्याला फोटोत सूर्यास्त हवा असायचा. मी द्यायचे की. माणसं भर दुपारची, सूर्य बुडायला आलेला, आणि वर उडणारे बगळे माझ्या पदरचे. आमचे हे म्हणायचे, "कापून सूर्यावर चिकटवलीस माणसं. भाजतील की ती." यांना कलेतलं काय कळतं, म्हणून मी दिवसभर फुगून बसायचे. फुगल्यावर मी फार छान दिसते, असाही माझा एक समज होता.

एकदा बावड्याहून एक बाई आली. बरोबर लग्न ठरलेली लेक. लेक पोटात असतानाच तिचा बाप गेलेला. त्याचा एकुलता एक फोटो, कुणाच्या तरी वरातीतला.

"पोरगी सासरी जायच्या आत आमी तिघं एका फोटूत पायजे," बाई म्हणाली. "बाप शेजारी उभा दिसला पायजे तिला. चिकटवलेला न्हाय."

मी दोघींचे फोटो काढले आणि कामाला लागले. पण बाप लेकीच्या बरोबरीचा, तिचा भाऊच दिसायला लागला. मग मी डोकं चालवलं. त्याचे कल्ले पांढरे केले, मिशीत करडा रंग भरला, गालावर दोन सुरकुत्या. मागं सूर्य, बगळे. खुशीत बाईला बोलावलं.

"ह्ये कोण?" ती म्हणाली.

"तुमचे मालकच. आज असते तर असेच दिसले असते."

"त्ये म्हातारे झालेच न्हाईत, बाई. माझे व्हते तसे द्या." लेक परक्या पाहुण्याकडं बघावं तशी बापाकडं बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना उजनीच्या पाण्याकडं नेलं आणि काठावर उभं केलं. सूर्य पाठीशी, तर तोंड काळं आणि कान लाल. कडेला वळवलं, तर एक गाल हळद लावल्यासारखा, दुसरा सावलीत, आणि नाकाची सावली त्या गालावर पडलेली. इतकी वर्षं मी रोज सूर्य मावळवत होते, पण मावळतीचं ऊन माणसाच्या तोंडावर कसं पडतं ते कधी बघितलंच नव्हतं.

"झालं का? चिलटं खायला लागली," हे म्हणाले.

"हनुवटी वर करा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापाला पुन्हा तरणा केला. वरातीतल्या ट्यूबचा निळसर उजेड त्याच्या तोंडावरून काढला. सूर्य एका कडेला सरकवला. तिघांचाही तोच गाल पिवळा, सावल्याही एकाच अंगाला. कात्रीनं कापल्यासारख्या केसांच्या कडा मऊ केल्या. बगळे हाकलले.

मायलेकी आल्या. लेकीनं फोटो हातात घेतला, दारातल्या उजेडात नेला.

"आये, आबांच्या डोळ्यात ऊन जातंय बघ."

बाईनं वाकून बघितलं. "जायचंच. ऊन सोसायचं न्हाय त्यास्नी. टोपी घाला म्हनलं तर ऐकायचे न्हाईत."

"आन् काय काय ऐकायचे न्हाईत?"

बाई बाकावर बसली. लेक तिला खेटून बसली. ह्यांनी समोर चहा सांगितला.