घासलेला ठोकळा

अमेरिकेत फ्रीमाँटला, मुलाच्या घरी, आमच्या शेजारी इंग्लंडची एक म्हातारी राहायची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. तरुणपणी तिकडे ती पुस्तकांतली चित्रं लाकडावर कोरायची, मग नवऱ्यामागून इकडे आली. नवरा गेला तरी कोरणं सुटलं नाही. तळहाताएवढा ठोकळा आधी शाईनं काळा करायचा, मग भिंगाखाली बारीक रेघा कोरायच्या. कागदावर छापलं की कोरलेलं पांढरं उमटतं, राहिलेलं काळं, हे तिनं मला हातवाऱ्यांनी समजावलं. मला इंग्रजी येत नाही, शाळा चौथीपर्यंतच.

तिच्या मुलीला तिला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. "हातून काम होतंय तोवर मी हलणार नाही," असं तिनं माझ्या सुनेला ठणकावून सांगितलं होतं. तीन महिने ती एकाच ठोकळ्यावर घुबड कोरत होती.

दिवाळीच्या तोंडावर ती दोन दिवस मुलीकडे गेली. मांजराला खायला घालायला किल्ली माझ्याकडे दिली. टेबलावर तो काळाकुट्ट ठोकळा दिसला. सणाला घरात काही काळं राहू द्यायचं नाही, ही माझ्या हाताची सवय. गरम पाण्यात भिजवला, साबण लावून घासणीनं घासला, उन्हात ठेवला. तिला बरं वाटेल असंच मनात होतं. संध्याकाळी बघते तर मधोमध तडा. मी तो गुपचूप टेबलावर ठेवून घरी आले.

परत आल्यावर ती ठोकळा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. सून मला सांगू लागली.

"आई, त्या म्हणतात, त्यांनीच धुतला असणार. त्यांना आठवतच नाहीये."

"मग?"

"मग काय, घाबरल्यात. विचारतायत, तुम्हाला टेबलावर काही ओलं दिसलं का?"

लोकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, म्हणून मुलानं मला दोनदा बजावलं होतं. त्याची बोलणी खायची नव्हती, एवढंच कारण.

"सांग, मी फक्त मांजराचं बघितलं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि तसंच इंग्रजीत सांगितलं.

त्यानंतर तिनं नवीन ठोकळा घेतला नाही. महिन्याभरात मुलगी न्यायला आली. गाडीत बसताना म्हातारीनं मुलीला तीनदा काहीतरी विचारलं. गॅस हा शब्द मला कळतो. गॅस तिनं बंद केला होता, मी तिथंच उभी होते. तेही मी बोलले नाही.