ऑर्विलची बिस्किटं आणि डब्यावरचं हृदय

कॅलिफोर्नियातल्या टर्लॉकमध्ये माणसं एकमेकांवर कशाकशासाठी दावे लावतात याची मला आता सवय झाली आहे, पण न्याहारीसाठी दावा लावणारा मी पाहिलेला एकच माणूस. माझ्या शेजारचा ऑर्विल लिंडक्विस्ट.

जन्मभर बदामाचे ट्रक चालवलेला हा गडी. बायको लॉरेन. ती भट्टीतून फुगीर, गरमागरम बिस्किटं काढायची, आपली चहातली नव्हेत, लहान पावासारखी मऊ, आणि वर सॉसेजची दाट पांढरी ग्रेव्ही ओतायची. तो वास कुंपण ओलांडून माझ्या चहात पडायचा. मग एकदा ऑर्विलच्या छातीत कळ आली. दवाखान्यात कळलं की गॅस आहे. पण तोपर्यंत लॉरेनने पन्नास देवांना साकडं घातलं होतं. म्हणजे खरं तर एकाच, ती चर्चवाली आहे. दुसऱ्या दिवशी घरात न्याहारीला दुधात घालून खायच्या ‘ट्रूबीट’ सीरियलचा डबा आला. त्यावर कलिंगडाएवढं लाल हृदय आणि खाली ‘तुमच्या हृदयाचा रोजचा मित्र’. ग्रेव्हीचा लोखंडी तवा माळ्यावर गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला.

ऑर्विलने तोंडातून ब्र काढला नाही. रोज सकाळी सीरियलची ती गोड, गोल कडी दुधात बुडवून मुकाट खायचा आणि पोस्टाच्या पेटीपाशी मला गाठून रडायचा.

“उर्मी, तुमच्याकडे सकाळी काय खातात गं?”

“थालीपीठ. लोणी.”

“आणि जगतात?”

मग टीव्हीवर बातमी आली की ट्रूबीटच्या वाडग्यात डोनटपेक्षा जास्त साखर असते. आमच्या कॅलिफोर्नियात अशी बातमी आली की पाठोपाठ वकील येतोच, मुंगळ्याला गूळ दाखवावा लागत नाही. फ्रेस्नोच्या वकीलबाई मारिसोल एचेव्हेरिया सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने कंपनीवर दावा लावणार होत्या आणि त्यांना दाव्यावर घालायला एका गिऱ्हाइकाचं नाव हवं होतं. ऑर्विलने बायकोला न विचारता आपलं देऊन टाकलं.

जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. लॉरेनने काटा खाली ठेवला.

“म्हणजे इतकी वर्षं मी तुला विष घालत होते?”

“तू नाही गं, कंपनी!”

“डबा दुकानातून कोणी आणला, कंपनीने?” तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “ठीक आहे. कोर्टाला सांगू दे की डबा खोटं बोलला. त्या दिवशी तुझी बिस्किटं. तोपर्यंत ट्रूबीट.”

ऑर्विलला एवढंच हवं होतं. नुकसानभरपाई वगैरे त्याच्या गावीही नव्हती.

मारिसोलबाई त्याची जबानीसाठी तयारी करून घ्यायला घरी आल्या. “दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुम्ही डब्यावरचं वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला, ही एक. दुसरी, डबा खरं बोलू लागला तर तुम्ही तो पुन्हा विकत घ्याल.”

“पुन्हा?” ऑर्विल खुर्चीतून अर्धा उठला. “त्यांनी मला फसवलं म्हणून सांगायचं आणि वर आणखी द्या म्हणायचं?”

“कायदा तसा आहे. तुम्ही परत घेणारच नसाल तर डब्यावर काय लिहिलंय याच्याशी तुमचा काय संबंध, असं विचारतात.”

“बाई, हा कायदा करणाऱ्याने ते सीरियल खाल्लं असणार.”

कोर्टाआधीची ही जबानी मोडेस्टोला, कंपनीच्या वकिलांच्या कचेरीत होती. ऑर्विलच्या मोतीबिंदूमुळे आणि लॉरेनला हायवेची धास्ती म्हणून गाडी मी चालवली, आणि आत कोणी हटकलं नाही म्हणून कोपऱ्यात लॉरेनशेजारची खुर्चीही पटकावली. ऑर्विलने हात वर करून शपथ घेतली. एक मुलगी त्याचा शब्द न् शब्द टाइप करत होती. कंपनीचा वकील गुळगुळीत होता, हसरा.

“मिस्टर लिंडक्विस्ट, तुम्ही डब्यावरचा मजकूर वाचलात ना?”

मारिसोलबाईंनी मान हलकेच डोलावली. ऑर्विलने लॉरेनकडे पाहिलं. मग शपथेसाठी वर केला होता त्या हाताकडे पाहिलं. ट्रकवाला असला तरी शपथेवर खोटं बोलणारा नव्हे.

“नाही.”

“एकदाही नाही?”

“चष्मा शोधावा लागतो.”

“मग विश्वास कशावर ठेवलात?”

“लॉरेनवर. ती वाचायची, मी खायचो.”

“चव आवडत नव्हती, तर खाणं बंद का नाही केलंत?”

“कारण मी पहिला घास गिळेपर्यंत ती माझ्या छातीकडे बघत बसायची. रोज. मग हसायची आणि कॉफी ओतायची.” ऑर्विल वकिलाकडे वळला. “आता ते बंद करायचं म्हणजे, सांगा कसं?”

मारिसोलबाईंनी डोळे मिटून घेतले. वकिलाने मात्र खूश होऊन फाइल बंद केली. ज्याने डबा वाचलाच नाही त्याला डबा फसवणार कसा? ऑर्विल बाद.

परतताना गाडी मीच चालवत होते. ऑर्विल खिडकीतून बदामाच्या बागा बघत होता, जणू प्रत्येक झाडाखाली एकेक बिस्किट पुरलंय. मला त्याची भयंकर दया आली आणि भयंकर हसूही येत होतं. वाटेतल्या केझ गावाच्या वळणावर मागच्या सीटवरून लॉरेन बोलली.

“मी वाचला होता.”

“काय?”

“डबा. रोज वाचायचे. प्रार्थनेसारखा. त्या वकीलबाईला फोन लाव. नाव माझं घाला म्हणावं.”

त्यानंतर कंपनीचा जो काही पिट्ट्या पडला, विचारू नका. लॉरेनच्या जबानीच्या वेळी तो गुळगुळीत वकील म्हणाला, साखरेचं प्रमाण डब्याच्या बाजूला छापलेलं असतं, ते नाही का दिसलं? लॉरेन ताडकन म्हणाली, “खोटं बोलायला कलिंगड आणि खरं बोलायला मुंगी? लाज कशी नाही वाटत तुम्हाला!” वकील घोटभर पाणी प्यायला.

“आणि सुधारलेला ट्रूबीट तुम्ही पुन्हा घ्याल?”

“खरंच हृदयाला चांगला असेल तर? उद्या सकाळी. वाडगाभर घालीन त्याला.”

“लॉरेन!” ऑर्विल किंचाळला. तेही टाइप झालं.

शेवटी कंपनी तडजोडीला आली. हृदय डब्यावरून काढलं आणि तक्रारदारांना कुपनं वाटली. कशाची, तर ट्रूबीटचीच. हसू नका, इथे असंच असतं. कुपनं आली त्या सकाळी ऑर्विल माळ्यावरून तवा काढून, पुसून, टेबलावर ठेवून बसला. मला साक्षीला बोलावलं होतं.

“डबा खोटा ठरला. बिस्किटं.”

“कोर्टाने कुठे म्हटलं तसं?” लॉरेन ओट्याकडे तोंड करून म्हणाली. “तडजोडीत साफ लिहिलंय, कंपनी कोणतीही चूक कबूल करत नाही. कोर्ट डब्याबद्दल चकार शब्द बोललेलं नाही. पैज पैज असते.”

ऑर्विलने तवा आपल्याकडे ओढला. कायद्याने त्याला दुसऱ्यांदा गाठलं होतं. लॉरेनने नवा डबा त्याच्यासमोर आदळला, वर चष्मा ठेवला.

“वाच. मोठ्याने. सगळ्या बाजूंनी.”

बिचाऱ्याने वाचला. ओट्स, साखर, माल्ट, आणखी साखर, मुंगीएवढ्या अक्षरांत अडखळत तळापर्यंत गेला. तेवढ्यात मला कसलासा वास आला, पण मी गप्प राहिले.

“हृदयाबद्दल काही लिहिलंय?” लॉरेनने विचारलं.

“नाही.”

“मग ते खायचं काय कारण?” ती म्हणाली आणि तिने भट्टीचं दार उघडलं. आत बिस्किटं फुगली होती, शेगडीवर ग्रेव्ही तयार होती.

ऑर्विलने ताटली पुढे ओढली. बिस्किट फोडलं, ग्रेव्ही ओतली, आणि घास तोंडाजवळ नेऊन थांबला. लॉरेन समोर बसली होती, त्याच्या छातीकडे बघत.

“रविवारीच हं,” ती म्हणाली. “आणि एकच. मला तू अजून हवा आहेस.”

त्याने घास गिळला. ती हसली, आणि उठून कॉफी ओतायला लागली.