वहिनीचा बोकड, आबांचा आवाज

"नमस्कार शेतकरी मित्रांनो, आज आपण भेटणार आहोत अशा एका तरुणाला, ज्यानं नोकरीला मारली लाथ, आणि आज शेळ्यांच्या जिवावर त्याच्या दारात..."

हे मी मोबाइलवरच्या त्या व्हिडिओवाल्याच्या आवाजात बोलतोय. मागं बासरी चालू आहे असं समजा. नोकरी, लाथ, शेळ्या एवढं ऐकून तुम्ही तसल्याच गोष्टीची वाट बघत असाल, तर आधीच सांगतो, इथं लाथ कुणी कुणाला मारत नाही. दारात गाडी आहे, पण ती माझी स्कूटर. तिचा हॉर्न बंद पडलाय, म्हणून मी तोंडानं वाजवतो. एक बोकड आहे, पण गोष्ट सुरू व्हायच्या आधीच त्याचे तुकडे झालेत.

माणसं चारच. मी, दादा, वहिनी आणि वहिनीचे वडील. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. मी आणि दादा तालुक्याच्या गावात वाढलो, तिथल्याच शाळेत शिकलो, आता दोघंही चाकणला कंपनीत. राहतो चऱ्होलीत. खिडकीतून बघितलं की पुढं नवी सोसायटी, मागं नवी सोसायटी आणि मधे एका म्हातारीचं मेथीचं वावर, असला प्रकार. वहिनी तळवड्याला ऑफिसात होती. आबा मात्र इथलेच, चाकणच्या पलीकडच्या गावातले, आणि त्यांच्याकडं रस्त्याला लागून एक वावर आहे. सगळा घोळ त्या वावराचा.

वावर जागेच्या एका एजंटाला हवं होतं, गोडाऊनसाठी. भाड्याचा लांबलचक करार, आबांनी नुसतं बसून खायचं. आणि वावर वहिनीला हवं होतं, शेळ्यांच्या शेडसाठी.

आता वहिनीचं हे खूळ नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिनं रीतसर ट्रेनिंग केलं होतं. आबांच्या गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात तिनं पाच उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड ठेवला होता. ऑफिस सुटलं की स्कूटरवर तिकडं जायची, चारा-पाणी, झाडलोट करायची आणि अंधार पडायच्या आत घरी. तिचं म्हणणं साधं होतं. इथल्या सोसायट्यांतली पोरं शनिवार-रविवार गच्चीवर बार्बेक्यू करतात आणि मटण कुठून तरी कसलं तरी आणतात. त्यांना सळईवर बसेल असा तुकडा, मसाला लावून, डब्यात भरून दारात मिळाला तर का नाही घेणार? दादा शिफ्ट संपल्यावर डबे पोचवणार. मी काय करणार, असं मी विचारलं होतं.

"तू शेळ्यांशी बोल," वहिनी म्हणाली होती. "तुझी भाषा त्यांनाच कळते."

आबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "बांधून घातलेल्या जनावराला चव नसती," एवढंच म्हणायचे आणि विषय संपायचा. एजंटानं त्या रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. मग वहिनीनं आबांना त्याच रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि तिचा तो एकुलता एक बोकड कापायला दिला. सहज म्हणून कुणी घरचा बोकड कापत नाही. तिला त्या दिवशी आबांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, आणि त्याच्यासाठी तिच्याकडं जे होतं ते सगळं तिनं विस्तवावर ठेवलं होतं.

शनिवारी खाटकाकडं मी तिच्यासोबत गेलो होतो. मला वाटलं ही बाहेर थांबेल. ती आत जाऊन उभी राहिली. रानाचा, म्हणजे मांडीचा, तुकडा केवढा हवा, चरबी कुठली ठेवायची, कलेजी वेगळी बांधा, सगळं सांगितलं, आवाज एकदम सरळ. फक्त परत येताना स्कूटरवर मागं बसून पिशवी मांडीवर घेतली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मी पण हॉर्न वाजवला नाही.

अडचण एकच होती, आबांची कवळी. वरचे-खालचे सगळे दात काढलेले. कवळी नवी, आणि जरा सैल. मटण चिवट राहिलं तर आबा एक तुकडा चावणार, ताट सरकवणार आणि गोडाऊन उभं राहणार. म्हणून दही, आलं-लसूण, तिखट आणि थोडी कच्ची पपई. पपईनं मटण मऊ पडतं. वहिनीनं सकाळी मोजून चमचाभर वाटलेली पपई घातली, झाकण लावलं आणि मला म्हणाली,

"आज नक्कल नाही. कुणाची नाही. आबांची तर अजिबात नाही. तोंडाला कुलूप."

"लिफ्टमधल्या त्या 'कृपया दरवाजा बंद करा' बाईची?"

"तिची पण नाही."

आबांची नक्कल माझी सगळ्यात भारी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आधी घसा खाकरायचा, मग 'हांऽऽ' लांबवायचं, मग प्रत्येक वाक्य जमिनीवर काठी टेकवल्यासारखं सोडायचं. एकदा मी फोनवर दादाला आबा बनून असा झापला होता की तो उभा राहून बोलत होता.

दुपारी गच्चीवर शेगडी मांडली. दादाला कंपनीच्या लकी ड्रॉमध्ये लागलेली, खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर आलेली. तिचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली फरशीचा तुकडा घातला. कोळसे पेटत होते तोवर आबा आले. पांढरी टोपी, हातात काठी, खिशात फोन. खुर्चीवर बसले आणि शेगडीकडं बघून म्हणाले, "हे काय, इस्त्री करताय व्हय?"

दादा हसला. जरा जास्तच हसला. जावई माणूस सासऱ्यासमोर हसतो तसा.

आबांनी मला विचारलं, "तू का रं गप? बरं न्हाई का?"

"बरंय की."

"न्हाई, एरवी रेडू लावल्यागत चालू असतोस म्हणून इचारलं."

वहिनीनं सळया आणल्या, एकेका सळईवर पाच-पाच तुकडे, मधे कांदा. जाळीवर ठेवल्या. धूर आला, वास आला, आबांनी नाक जरा वर केलं. वहिनी बघत होती, मी बघत होतो, दादा वारा घालत होता. मग तिनं पहिली सळई फिरवली आणि दोन तुकडे तसेच खाली निखाऱ्यात पडले.

तिला वाटलं सैल बसले असतील. तिनं दुसरी फिरवली. सळई वर आली, मटण जाळीलाच राहिलं. चिमट्यानं धरायला गेली तर तुकडा चिमट्यात पिठासारखा दबला. तिसऱ्या सळईवर नुसता कांदा उरला.

निखाऱ्यात चरबी तडतडत होती.

वहिनीनं चिमटा खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "आणखी पपई कुणी घातली?"

दादा वारा घालायचा थांबला. "मी थोडीशी... आबांची कवळी आहे म्हणून..."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मी पण," मी म्हणालो. "चमचाभरच. तुझ्या चमच्यानं."

म्हणजे तिघांनी घातली होती, आणि तिघांनीही काळजीनंच. आबांनी जाळीच्या कडेला चिकटलेला एक तुकडा बोटानं दाबून बघितला.

"मटान हाय का लापशी?"

ते वाईट हेतूनं बोलले नाहीत, पण वहिनीचा चेहरा खाटकाकडं होता तसा झाला. एकदम सरळ. तिचा धंदा काय होता? मसाला लावलेलं मटण. आणि धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक समोर बसून त्याला लापशी म्हणत होतं. मी जीभ दाताखाली धरली होती, कारण अशा वेळी माझ्या तोंडातून आपोआप कुणीतरी दुसराच बोलायला लागतो.

आबांनी खिशातून फोन काढून वेळ बघितली आणि तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. मग म्हणाले, "कलेजी ठिवलीस का?"

"आहे. पण तिला मसाला नाही लावलेला, नुसतं मीठ."

"आण मग."

वहिनी खाली गेली आणि कलेजी घेऊन आली. आबा खुर्ची सरकवून शेगडीजवळ बसले, दादाच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि म्हणाले, "जाळ नगं. राख धरू दे." निखाऱ्यावर राखेची साय आली तेव्हा त्यांनी मान हलवली. वहिनीनं कलेजीचे तुकडे ठेवले. ते पडले नाहीत. कडेनं आकसले, वर थेंब आले. तिनं एकदाच उलटले आणि ताटलीत घालून आबांसमोर धरले.

आबांनी तुकडा तोंडात घातला. कवळीनं चावणारा माणूस आधी उजवीकडं चावतो, मग डावीकडं, मग थांबून विचार करतो. आबा लई वेळ थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होता, ती टुंटुं वाजत होती, आणि आम्ही तिघं एका म्हाताऱ्या माणसाच्या जबड्याकडं बघत उभे.

"काय खायला घालत व्हतीस ह्याला?"

"शेवरीचा, सुबाभळीचा पाला. मका कुट्टी करून. तुरीचं भुसकट. आणि संध्याकाळी अर्धा तास मोकळा सोडायचे, बांधावर."

"बांधून न्हाई ठिवलं?"

"नुसतं बांधून नाही आबा. तुम्ही कधी बघायला आलाच नाहीत."

आबांनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. वहिनी दोन्ही हातांनी ताटली धरून तशीच उभी होती. आता बोलतील, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी तोंड वाकडं केलं, गालावर हात ठेवला आणि उठले. कलेजीचा कण कवळीखाली अडकला होता. पाण्याच्या टाकीजवळच्या नळावर जाऊन त्यांनी पाठ फिरवली आणि कवळी काढून धुवायला घेतली.

आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर फोन वाजला. स्क्रीनवर नुसतं 'गोडाऊन'.

मी फोन उचलून आबांना दाखवला. आबांच्या एका हातात कवळी, तोंडाचं बोळकं, बोलता येईना. त्यांनी दुसरा ओला हात वर केला आणि आडवा हलवला. दोनदा.

आता हा हात बघा. आडवा हलवलेला हात म्हणजे नको. आडवा हलवलेला हात म्हणजे नंतर. आडवा हलवलेला हात म्हणजे ठेव तो फोन. मला त्यातलं पहिलंच दिसलं. फोन वाजतच होता. मी हिरवं बटण दाबलं, घसा खाकरला.

"हांऽऽ. बोला सायेब."

दादानं डोळे मिटले.

"आबा, पार्टी बसलीय समोर. काय करायचं, होय का नाही?"

"न्हाई. जागा द्यायची न्हाई. लेक शेळ्या करतीया तिथं."

"नक्की ना आबा? मग पार्टीला दुसरीकडं दाखवतो."

"दाखवा."

फोन बंद झाला. सगळं इतकं सोपं झालं की मलाच भारी वाटलं, तेही फक्त वळून वहिनीकडं बघेपर्यंत. ती रागानं बघत असती तर चाललं असतं. ती घाबरून बघत होती, माझ्या मागं. मागं आबा उभे होते, कवळी घातलेली, मिशीवरून पाणी गळतंय.

"मी काय खुणावलं तुला?"

"नको म्हणून."

"'मागनं करतो म्हणून सांग', आसं खुणावलं मी."

मी फोन पुढं केला. त्यांनी तो टोपीच्या टोकानं पुसला, नंबर लावला आणि टाकीच्या पलीकडं गेले. तिथून काही ऐकू येईना. टाकीवरून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. टोपी एकदा हलली, मग स्थिर. वहिनीनं ताटली खाली ठेवली आणि जाळीला चिकटलेलं मटण चिमट्यानं खरवडायला लागली, काहीच कारण नसताना. दादा माझ्या कानाशी आला. "भावा, आज तू खाली झोप. पार्किंगमध्ये."

टोपी परत आली. आबा आधी माझ्यासमोर थांबले.

"आवाज बरा काढतोस. पर मी त्याला उभ्या जन्मात सायेब म्हणलं न्हाई. त्यानं वळखलं."

मग काठी घेतली, वहिनीकडं गेले आणि शेगडीकडं बघत म्हणाले, "पत्रेवाल्याला बोलव उद्या. शेडचं तोंड उगवतीला ठिव बाय, खालच्या अंगाला पानी साचतं. आन मसाल्याला माणूस एकच ठिव. ह्या दोघांना हात लावू दिऊ नको."

ते गेले. दादा त्यांना सोडायला खाली गेला. मला वाटलं आता वहिनी हसेल, रडेल, काहीतरी करेल. म्हणून मी हळूच व्हिडिओवाल्याच्या आवाजात सुरू केलं, "तर मित्रांनो, पाहिलंत..."

"गप," वहिनी म्हणाली. मोठ्यानं नाही. "आबा नाही म्हणाले असते तर कुणामुळे? तुझ्यामुळे. आणि आता हो म्हणाले, ते कशामुळे? कलेजीनं म्हणाले, का तू त्यांना तोंडघशी पाडलंस म्हणून म्हणाले? सांग की. काढ की त्यांचा आवाज आणि सांग. नाही सांगता येत ना? मला पण आता कधी कळणार नाही. वर्षभर सांभाळलेला बोकड कापला मी, हे एक कळावं म्हणून. ते तू फोनवर संपवलंस. शेड झाली ना, की लेंड्या रोज तू काढायच्या, शिफ्ट कुठलीही असू दे. आणि आवाज न काढता काढायच्या. आता ती जाळी घास. गार झाल्यावर निघत नाही ते."