चकतीच्या चिठ्ठीवरचे नाव

श्री. दत्ताराम केणी ऊर्फ दादा यांच्या मानपाड्याच्या कारखान्यात मी ऐंशीच्या दशकात नोकरी मागायला गेलो, तेव्हा दादांनी प्रमाणपत्राआधी माझे हात पाहिले. "तेल लागलंय. धुऊन या," एवढेच म्हणाले. मला रागच आला होता.

सरकारी अवकाश प्रकल्पाचे एक काम दादांकडे होते : रॉकेटच्या इंजिनात इंधन सोडणारी, बारीक भोकांची चकती. तिचे दोन पत्रे भट्टीत तापवून जोडायचे. धुतलेल्या पत्र्याला उघडे बोट लागता कामा नये. एका दुपारी घाईघाईत मी तो हातमोज्यांशिवाय उचलला, आणि चाचणीत जोड उकलला.

दादांनी चकती कापून पाहिली. आत बोटाच्या ठशाएवढी जागा न जुळता कोरीच राहिली होती.

"हात कोणाचा लागला रे, सुभाष?"

"माझा, दादा."

"इथे तुझा. बाहेर माझा."

त्यांनी चकतीला चिठ्ठी बांधली, 'जोड चुकला. द. केणी', आणि ती भिंतीवर टांगली. प्रकल्पप्रमुखांना तसे पत्रही लिहिले. पण तोवर त्यांची बदली झाली होती. नव्या प्रमुखांनी पत्राकडे लक्ष न देता चकतीचा जुना आराखडाच सदोष ठरवून बाद केला. त्यांचा नवा आराखडाही रखडला, आणि तेही बदलून गेले. माझ्या एका चुकीपायी इंजिनाची वर्षे वाया जात होती. ते मनाला फार खात असे.

तिसरे प्रमुख कारखान्यात आले, तेव्हा दादांनी चकती त्यांच्या हाती दिली. "जुना आराखडा बरोबर होता, साहेब. जोड आमचा चुकला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलेलं. ऐकणारे बदलले."

चूक कबूल केली की काम जाईल हे दादांना ठाऊक होते, आणि ते गेलेही. वर्षभर आम्ही पंपांचे सुटे भाग केले. दादांनी एकाही कामगाराला घरी बसवले नाही. मग जुन्याच आराखड्याची एक चकती चाचणीपुरती करण्याचे काम पुन्हा आमच्याकडे आले. मी नको नको म्हणत असताना दादांनी माझ्यासमोर हातमोजे ठेवले आणि ते निघून गेले. या वेळी जोड टिकला.

आज दादांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. जुनी चकती अजून भिंतीवर आहे. नवे अभियंते चिठ्ठी वाचून दादांकडे पाहतात, आणि मी गप्प राहतो. म्हणून दादांच्या या गौरवग्रंथात लिहून ठेवतो : तो हात माझा होता.

दादा, मला त्या चिठ्ठीवर माझे नाव घालायचे आहे. तुम्ही घालू देणार नाही. हा वाद घालायला तुम्ही धडधाकट राहा, शंभरी गाठा. मी रोज हात धुऊन येईन.