वाळवंटाचे चार महिने

बायको नांदेडला शाळेत भूगोल शिकवायची आणि मी लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र. शनिवारी मी नांदेडला जायचो, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. जैसलमेरला जायचं हे तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं. तिनं एका पाठकोऱ्या कागदावर वर्षाचे महिने मांडून ठेवले होते. एप्रिल ते जून भाजणारी वाळू आणि धुळीची वादळं, मग थोडाफार पाऊस आणि दमट उकाडा. चांगले महिने चारच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पहिल्यांदा बेत ठरला त्या वर्षी भूकंप झाला. तो हिवाळाभर आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी पत्र्याच्या शेडमधल्या मुलांना शिकवायला जायचो. सहलीचा विषय कुणीच काढला नाही. लग्नानंतर आम्ही सर्वांत जास्त सोबत राहिलो ते त्याच दिवसांत, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मीही कॉलेज सोडून एका क्लासमध्ये शिकवू लागलो. रविवारी परीक्षा असायच्या, त्यामुळे नांदेडची फेरी पंधरवड्यावर गेली, मग महिन्यावर. वाळवंटाचे चांगले चार महिने म्हणजे आमचा ऐन हंगाम. मी मोकळा व्हायचो मे महिन्यात.

"मेमध्येच जाऊ की," मी एकदा म्हणालो.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला वाळू बघायची हाय, भाजून घ्यायचं न्हाई."

एका जानेवारीत तिचा फोन आला. "आम्ही शाळेतल्या चौघी जैसलमेरला निघालोय. तुम्हाला विचारलं असतं, पण तुमचं उत्तर मला पाठ झालंय."

"बरं केलंस," मी म्हणालो आणि वर्गात गेलो. फळ्यावरचं साधं उदाहरण दोनदा चुकलं. पोरांनी मुकाट्यानं वहीत खाडाखोड केली.

परतल्यावर तिनं फोटो दाखवले. एकात ती उंटावर बसून पोट धरून हसत होती. तिला तसं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात मी एकटाच जैसलमेरला गेलो. तिला म्हणालो, "चल." ती म्हणाली, "माझं बघून झालंय." लॉज अख्खा रिकामा होता. मालकानं दोनदा विचारलं, काही काम काढून आलात का? दुपारी मी तिला फोन केला.

"ऊन हाय का?"

"लई."

मग ती म्हणाली, "सकाळी सहाच्या आत वाळूच्या टेकड्यांवर जा. तेवढा एक तास बरा असतो."

मी गेलो. वाळू खरंच गार होती. आजूबाजूला कुणीच नव्हतं. तास कसाबसा काढला आणि त्याच दिवशी परतीची गाडी धरली. वाटेत नांदेडला उतरता आलं असतं. पण नवी बॅच दोन दिवसांवर आली होती. मी थेट लातूर गाठलं.