तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

संयोगिता सातपुते आठवड्याचे सहा दिवस आष्ट्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवतात आणि रविवारी वाडीतल्या ख्रिस्ती देवळात शब्बाथशाळा घेतात. भक्तीच्या आधी तासभर पोरांना पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायच्या, गाणी घ्यायची, वचनं पाठ करून घ्यायची. वर्ग त्यांच्या वडलांनी, शांतवन गुरुजींनी सुरू केला होता. बावीस वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो मुलीच्या हाती दिला आणि एवढंच बजावलं, "पोरानं विचारलं तर उत्तर द्यायचं. गप बस म्हणायचं न्हाई."

उत्तर देण्याची ही सवय बाईंना दोन्हीकडे नडत आली.

दहावीला उत्क्रांतीचा धडा निघाला की स्टाफरूममध्ये मराठीचे लालासाहेब सर चहाचा कप खाली ठेवून दरवर्षी तेच विचारतात. "मॅडम, तुमच्यात तर सहा दिवसांत सगळं आटपलं म्हणे. मग आमच्या पोरांना कोट्यवधी वर्षं कशाला लावताय?" सगळे हसतात. बाई पूर्वी समजावून सांगायला जायच्या. ते सहा दिवस घड्याळातले आहेत असं त्यांच्या वडलांनीही कधी मानलं नाही. जग कुणी घडवलं ते पवित्र शास्त्र सांगतं. कसं घडलं ते शोधायला देवानंच माणसाला डोकं दिलंय. पण हे अर्ध्यावर येईपर्यंत घंटा व्हायची, आणि सरांना उत्तर हवंच कुठं होतं? अलीकडे बाई मान वर न करता वह्या तपासत राहतात.

देवळात मात्र त्यांना वाटायचं, इथं तरी आपलं म्हणणं पूर्ण ऐकून घेतात.

यंदा शब्बाथशाळांच्या विभागीय परीक्षेत तिसरा प्रश्न होता, देवाने मनुष्याला कसे निर्माण केले? बाईंच्या वर्गातल्या, आठवीतल्या राजनंदिनीनं लिहिलं, "मातीपासून. पण लय वर्षं लागली, कारण देवाला घाई नव्हती."

परीक्षकांनी उत्तराभोवती लाल गोल काढला, दोन मार्क कापले आणि बाजूला लिहिलं, 'हे कोणी शिकवले?' त्या दोन मार्कांनी नऊ वर्षं वाडीच्या देवळात असलेली पहिल्या नंबराची ढाल दुसऱ्या गावच्या मंडळीकडे गेली. खिडकीशेजारच्या भिंतीवर नुसता खिळा राहिला. त्यात राजनंदिनी देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या आप्पासोंची नात, म्हणून रविवारी कमिटीची बैठक ठरली.

बाई गुरुवारीच पाळकसाहेबांकडे, देवळाच्या धर्मगुरूंकडे, गेल्या. जयराज पाळक तरुण होते, शिकलेले होते. त्यांनी उत्तरपत्रिका वाचली आणि त्यांना हसू आलं.

"बाई, पोरीनं झकास लिहिलंय. आम्हाला सेमिनरीत हेच शिकवलं."

"मग रविवारी कमिटीत एवढंच सांगा."

पाळकसाहेबांनी कागदाची घडी घालून तो परत दिला. "तुम्ही समजून घ्या. प्रत्येक गोष्ट मंडळीपुढं बोलायची नसते. लोकांची श्रद्धा डळमळते."

"माझी नाही डळमळली."

"तुमचं वेगळं आहे, बाई."

रविवारी भक्तीनंतर बाकं ओढून बैठक बसली. आप्पासो तसे बाईंना मानणारे. त्यांचं मूळ गाव जतकडचं, आणि माडग्याळी मेंढ्यांचा भारी नाद. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक असलेला त्यांचा मेंढा बघायला लांबून माणसं येत.

"बाई, तुमच्याबद्दल आमची तक्रार न्हाई," ते म्हणाले. "पर शाळंतलं शाळंत. हितं पोरान्ला माकडापासनं माणूस कशाला?"

"माकडाचं नाव कुणी काढलं? आप्पासो, तुमच्या मेंढ्याचं नाक तुमच्या आज्याच्या मेंढ्याला होतं?"

"कुठलं! आमी निवडून निवडून आणलंय त्ये. चार पिढ्या गेल्या."

"चार पिढ्यांत तुम्ही नाक वळवलंत. मग देवाच्या हाताशी कोट्यवधी वर्षं असतील तर?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. बाईंना वाटलं, पोचलं. तेवढ्यात आप्पासो मांडीवर थाप मारून म्हणाले, "आवं पर बाई, त्ये मेंढरूच ऱ्हायलं की! त्याचं कोल्हं कुठं झालं?"

सगळं देऊळ हसलं. उत्तर होतं, पण त्याला दहावीचा आख्खा धडा लागला असता. बाईंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते बैठकीचं रजिस्टर लिहीत होते, आणि लिहिण्यासारखं तर अजून काहीच झालं नव्हतं.

ठराव साधा झाला. पुढच्या रविवारी बाईंनी वर्गात सांगायचं की उत्तर चूक होतं. नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे.

घरी बाईंनी चपात्या लाटता लाटता सगळं सांगितलं. पोळपाट इतका आदळत होता की नवऱ्यानं, विश्वजितनं, टीव्ही बंद केला. तो एसटीत कंडक्टर.

"म्हण की चूक होतं. दोन शब्द. मी सत्तावीस वर्षं पुढं सरका म्हणतोय, सरकतंय का कोण? आपण तिकिटं फाडत राहायची."

"तिकिटं नव्हेत ती. पोरं आहेत."

"वर्ग गेल्यावर पोरं तरी कुठनं आणणारायस?"

बाईंनी चपाती तव्यावर टाकली. कुणी वाईट बोलत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. भांडले असते तर बरं, असं बाईंना वाटत राहिलं. आठवडाभर त्यांनी एक वाक्य घासून तयार केलं, 'परीक्षकांना वेगळं उत्तर हवं होतं.' म्हणजे खोटंही नाही आणि वर्गही राहील.

रविवारी पोरं सतरंजीवर बसली होती. आप्पासो मागच्या बाकावर, पाळकसाहेब दारात. बाईंनी राजनंदिनीला उभं केलं.

"तुझा तिसरा प्रश्न. परीक्षकांना..."

"बाई, माझं चुकलं व्हय?" पोरीनं मध्येच विचारलं. आठवडाभर घरात बोलणी खाल्लेलं तोंड.

बाईंचं वाक्य तिथंच राहिलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "चुकलं न्हाई तुझं."

आप्पासो उठले. टेबलापाशी येऊन त्यांनी हजेरीपट मिटला आणि काखेत घेतला. "सलाम, बाई," ते देवळातल्या रीतीप्रमाणं म्हणाले, अगदी अदबीनं, आणि गेले. पाळकसाहेबांनी त्यांना वाट दिली.

राजनंदिनी अजून उभीच. "मग माझे दोन मार्क परत देतील का ते?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षी काय लिहू? आज्जा मला परत परीक्षेला बसवणाराय."

बाईंना भयंकर राग आला. पोरीचा, पोरीच्या आज्ज्याचा, दारातल्या शिकलेल्या माणसाचा, आणि उत्तर द्यायचंच असं शिकवून गेलेल्या आपल्या बापाचाही.

"तुला जे पटलंय ते लिही."

"मग ढाल न्हाई मिळायची."

"नाही मिळायची."

"बघू मग," म्हणून ती मैत्रिणींच्यात जाऊन बसली.

भक्तीची घंटा झाली. माणसं आत येऊ लागली. बाई दर रविवारी पुढं पोरांजवळ, कुणाला डोळे वटारत, कुणाला गाण्याच्या पुस्तकातलं पान काढून देत बसायच्या. आज त्या बायकांच्या बाजूला आल्या आणि कुठं बसायचं ते त्यांना कळेना. प्रत्येक बाक कुणाचा ना कुणाचा ठरलेला. शेवटी साळूबाईंनी सरकून जागा केली. पहिलं गीत सुरू झालं तरी पुढं पोरांची कुजबुज थांबत नव्हती.

"आवं बाई, आज हिकडं कशा?" साळूबाई गाण्यावर आवाज चढवून म्हणाल्या. "पोरान्कडं कोन हाय?"